मागच्यांना सांगायचं

"पुढून जो शब्द येल, तो आपण मागं वरडून सांगायचा. इसरायचं नाय," भगीरथनं निघतानाच बजावलं होतं. मुरबाडहून निघून पुढे समुद्रकाठानं गोव्यापर्यंत सायकलवर जायचं होतं. आम्ही चौघं. मी नवीन, म्हणून सगळ्यात शेवटी.

सकाळचा रस्ता सरळ होता आणि पार मोकळा.

"टेम्पो!" सगळ्यांत पुढे असलेला भगीरथ ओरडला. समोर टेम्पो नव्हताच. तरी तो सायकलसकट उडाला आणि त्याचं डोकं डांबरावर फुटलं.

"टेम्पो!" त्याच्यामागून दिपेश ओरडला, आणि त्याची छाती पत्र्याच्या डब्यासारखी चेपली गेली.

"हेतल, ओरडू नकोस!" मी किंचाळले. पण माझ्या पुढच्या हेतलच्या तोंडून सवयीनं शब्द निसटलाच. तिचं रक्त माझ्या चष्म्यावर उडालं.

मी करकचून ब्रेक दाबले आणि तोंडावर हात घट्ट धरला. रस्ता अजूनही रिकामाच होता. पुढेही, मागेही.

भगीरथनं फुटलेलं डोकं सावकाश माझ्याकडे वळवलं.

"वरड ना गो," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "मागचे खोळंबलेत."