भट्टीपुढची प्रार्थना

पहिला घाणा कच्चा निघाला.

थोरल्याने गरम पाव मधोमध मोडला. आतला लगदा बोटांना चिकटला. भट्टीवाले काका दुसरीकडे बघू लागले. सारी हयात या भट्टीपुढे गेली असली, तरी मालकाच्या मुलाची फजिती टक लावून बघणाऱ्यातले ते नव्हते.

“आच कमी पडली का, काका?”

“आप्पांनी लावून दिली होती तेवढीच आहे. एक लाकूड इकडचं तिकडे नाही.”

आप्पांना, थोरल्याच्या वडिलांना, जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून थंड पडलेली भट्टी आज पुन्हा पेटली होती. त्यांच्या आठवणीसाठी दुपारी सगळी गल्ली जमणार होती. आलेल्या प्रत्येकाच्या हातावर आप्पांच्या भट्टीतला पाव ठेवायचा, तोही आप्पांच्या पद्धतीने भाजलेला, असं थोरल्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आप्पांची पद्धत म्हणजे एक नवलच होतं. भट्टीचं दार लावलं की ते शेजारच्या भिंतीवर उजवा तळवा टेकवत, डोळे मिटत आणि ओठातल्या ओठात प्रार्थना सुरू करत. कामगार टोप्या काढून उभे राहत. दुकानातली गिऱ्हाइकं गप्प होत. समोरची शिंपीणबाई झोपेतसुद्धा बोलत असावी, पण तेवढा वेळ तीही तोंड मिटून उभी राही. प्रार्थना संपली की आप्पा दार उघडत, आणि पाव अगदी बेताचा झालेला असे. कच्चा नाही, करपलेला नाही. जन्मभरात एकदाही नाही. घड्याळाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा ते दुरुस्त करायचीही त्यांना गरज वाटली नाही.

लहानपणी थोरल्याला वाटे, देव त्या भट्टीतच राहतो. कानशिलावरचे केस पिकले तरी ते वाटणं पुरतं गेलेलं नव्हतं.

आच त्यांनी एकदाच बदलली होती. भट्टीला नवी चिमणी बसवली, त्या हिवाळ्यात. एका सकाळी येऊन काकांना म्हणाले, “आजपासून आच मंद ठेव.” काका पुष्कळ दिवस कुरकुरले. पाव व्हायला फार वेळ लागू लागला, आणि प्रार्थनाही तेवढीच लांबली. पण पावाचं कवच असं काही खमंग होऊ लागलं, की पार गावाच्या दुसऱ्या टोकाची माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. आप्पांना वरून सांगणं आलं असणार, असं गल्लीने ठरवून टाकलं.

थोरली सून दारात आली. हातात फोन होता.

“धाकट्या भाऊजींचा फोन आला होता. दुपारपर्यंत पोचतील. मागे उभा राहीन, कुणाच्या नजरेस पडणार नाही, म्हणाले.”

“येऊ नको म्हणून सांग.”

“अहो, वडील होते त्यांचेही.”

“आप्पांचा शब्द आहे. तो मोडणारा मी कोण?”

तिलाही तो दिवस आठवत होता. नव्या चिमणीच्या उरलेल्या विटा तेव्हा अजून अंगणात पडून होत्या. धाकट्याने भर प्रार्थनेत, सगळ्या कामगारांसमोर म्हटलं होतं, “पाव विस्तवाने भाजतो आप्पा, देवाने नाही.” शब्दाला शब्द वाढला आणि तो पिशवी उचलून चालता झाला. आप्पा एवढंच म्हणाले होते, “याचं नाव या घरात घ्यायचं नाही.” त्यानंतर कुणी घेतलं नाही. आईनेही नाही.

थोरला मागच्या खोलीत गेला. आई पीठ चाळत बसली होती.

“आई, आप्पा नेमकं काय म्हणायचे गं? मला येतात त्या सगळ्या प्रार्थना म्हणून झाल्या. पाव कच्चाच.”

चाळण थांबली.

“प्रार्थना कसली रे. नावं घ्यायचे. आपल्या माणसांची. एकाचं नाव घ्यायचं, त्याच्यासाठी मनासारखं मागून घ्यायचं, मग पुढचं.”

थोरला एक पाऊल पुढे आला. “माझंही?”

“रोज. तुझ्या पाठदुखीसकट.”

ज्या ओठांकडे तो आयुष्यभर भीतभीत बघत आला, त्यांवर त्याचंच नाव होतं.

दुसरा घाणा आत गेला. थोरल्याने तळवा भिंतीवर टेकवला. आप्पांच्या हाताने तिथे गुळगुळीत खोलगट जागा झाली होती. त्याने डोळे मिटले. आईचं नाव घेतलं, बायकोचं, मुलांचं, बहिणीचं, तिच्या लेकरांचं. काकांचंही घेतलं. कुणासाठी मागताना घाई केली नाही. त्याचे गाल ओले झाले आणि त्याने ते पुसले नाहीत. कुणीतरी खरंच ऐकतंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

त्याने दार उघडलं, लांब दांड्याच्या फावड्याने पाव बाहेर घेतला आणि मोडला.

“निम्माच भाजलाय,” काका हळूच म्हणाले.

आई उंबऱ्यापर्यंत आली होती. “सगळ्यांची नावं घेतलीस?”

“सगळ्यांची. पोटभर मागितलं, आई. कुणी म्हणून राहिलं नाही.”

आईने तो तुकडा हातात घेतला. सुनेच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग थोरल्याकडे.

“ज्याचं नाव या घरात घ्यायचं नाही,” ती म्हणाली, “त्याच्यापासून सुरुवात करायचे ते. निम्मा वेळ तिथेच जायचा.”