दहावं डोकं

एमआरआयच्या नव्या मशीनमध्ये नऊ डोकी तपासून झाली होती: चार परिचारिका, दोन सफाई कामगार, एक स्वयंपाकी, लिफ्टवाला आणि स्वागतकक्षातली मुलगी. दहावा पहारेकरी. पण त्याच्या पायात जुना छर्रा निघाला आणि चुंबकाच्या खोलीचं दार त्याला बंद झालं.

एका पिढीजात आजारात माणूस झोकांड्या खाऊ लागतो. त्याच्या मेंदूच्या मध्यातली दोन केंद्रकं झिजतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं. हे नव्या मशीनवर ओळखायचं तर आधी निरोगी माणसांचं माप हवं. नऊ जणांत ते अकरा ते चौदा मिलिमीटर भरलं होतं.

मशीन चालवणाऱ्या दोघींपैकी एकीला डॉक्टरबाई म्हणाल्या, आता तूच आत झोप, म्हणजे दहा पुरे. घरात असलं काही नाही ना, हे त्यांनी रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं.

ती नाही म्हणाली. वडील दारूपायी गेले, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. वडिलांनी थेंबालाही तोंड लावलं नव्हतं. त्यांच्याआधी आत्याही तशाच झोकांड्या खात गेली होती. तिच्या वाट्याला निम्मी शक्यता होती, आणि ती निम्मीच राहावी म्हणून तिने रक्त कधी तपासलं नव्हतं.

बंद जागेत माझा जीव घाबरा होतो, अशी तिने शेवटची पळवाट काढून पाहिली. मशीनवरची तिची जोडीदारीण खो खो हसली.

"रोज लोकांना आत ढकलतेस, आणि स्वतःवर आलं की पाय लटपटले होय गं?"

डोक्यावर पिंजरा बसला. हातात रबरी फुगा दिला. दाबला की बाहेर काढायचं. फळी आत सरकली. डोळ्यांवरच्या आरशात पलीकडची काच दिसत होती, काचेमागे जोडीदारीण.

ठोके सुरू झाले. कोणत्या आवाजाला कोणतं चित्र निघतं, हे तिला पाठ होतं. तिसरा आवाज थांबला, म्हणजे केंद्रकांचं चित्र निघालं. चौथा चालू असताना जोडीदारीण सवयीने माप घ्यायला वाकली. पुन्हा वाकली. मग डॉक्टरबाई खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

फुगा मुठीत होता. पण चित्र तर निघालं होतं, आणि बाहेर यायचं म्हणजे त्या दोन तोंडांसमोरच यायचं. तिने मूठ सैल केली आणि ती जराही न हलता पडून राहिली.

आवाज थांबले. बरी आहेस ना, असं स्पीकरमधून जोडीदारणीने विचारलं. थट्टा नव्हती.

"कितव्यांदा मोजतेयस?"

"तिसऱ्यांदा." मग, "अगं, माझंच काहीतरी चुकत असेल. मशीन नवीन आहे."

"आकडा सांग."

"बाहेर ये आधी."

"सांग ना गं."



"एकोणीस पूर्णांक तीन."