भागीरथीचा मुखवटा

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी इटलीचा भयपट दिग्दर्शक आमच्या घाटात शूटिंगला आला. भुताच्या मुखवट्यासाठी त्यानं माझ्या बायकोच्या, भागीरथीच्या, चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. “जिवंत बाईचा टाक करतोय हा!” म्हणत मी साचा फोडला.

“अहो, त्यानं दुसराही घेतलाय,” भागीरथी हसली.

पुढं वीस वर्षं ती खोकली तरी मला त्या दुसऱ्या साच्याचाच संशय यायचा.

मग रोमहून त्या दिग्दर्शकाच्या मुलीनं मुखवटा पाठवला. थोरलीनं चिठ्ठी वाचली: बाबांच्या अकरा सिनेमांतलं भूत हेच. बाबा गेले.

“बघा, तो गेला. मी आहे,” भागीरथी म्हणाली.

तिचा टाक मी केला नाही. देव्हाऱ्यात मुखवटाच आहे. भागीरथी २०११ च्या नागपंचमीला वारली.