भिंतीवरचा इझेल

अलाबामात बेसबॉलचा वाघ म्हणून गाजलेला इझेल पेटवे देवाघरी गेला आणि गावाने त्याचं भलंमोठं चित्र त्याच्या बायकोच्या, कोरीनच्या, घरासमोरच्या भिंतीवर काढलं. ज्या जुन्या फोटोवरून ते काढलं, त्यात तो बॅट उगारून कॅमेऱ्याकडे बघत होता, त्यामुळे आता त्याची नजर थेट तिच्या ओसरीवर.

चर्चचे विधुर सेवेकरी, डीकन टॉलिव्हर, दर रविवारी गाडी घेऊन दारात येत. "सिस्टर कोरीन, पाद्रीबाबा प्रवचन करता करता सुरात गायला लागले की एकट्याला भरून येतं हो. चला ना!"

तिलाही जायचं असे. पण पाय उंबऱ्यातच अडे. शेजारणी खिदळत, "कोरीन, नवरा बघतोय हं!" मग ती घरातच रेडिओवर प्रवचन ऐकून डोळे पुसायची.

यंदा रंग उडाला म्हणून चित्रकार पुन्हा शिडी चढला. "कोरीनबाई, काही बदलू का?"

"त्याचे डोळे चित्रातल्या त्या चेंडूकडे वळव, बाळा."

"अहो, पण घराकडे किती मायेनं बघतायत!"

 

"अख्ख्या संसारात त्यानं एकदा जरी असं बघितलं असतं ना, तर राहू दे म्हटलं असतं."