बावीस डोकी

"बावीसच्या बावीस भरली पाहिजेत," तपासनीस फाटकातूनच म्हणाले. "एक कमी भरलं, तर कुलूप आजच. उद्या नाही."

पाळणाघराच्या बाईंनी मान डोलावली. शाळा सुटल्यापासून आयांची कचेरी सुटेपर्यंत मुलं सांभाळायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा उद्योग. गेल्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराला याच गृहस्थांनी टाळं ठोकलं होतं. तिथे मोजणीत एक मूल कमी भरलं. ते पडद्यामागे झोपलेलं सापडलं म्हणा, पण तोवर सही झाली होती, आणि साहेबांची सही कुणासाठी मागे फिरत नसे.

साहेबांचं बोट धरून त्यांची नात आली होती. वय पाच, सगळे टिल्ली म्हणत. सून नोकरीला जायची, आणि नातीला निर्धास्तपणे ठेवावं असं एकही पाळणाघर साहेबांना तेवीस वर्षांच्या नोकरीत सापडलं नव्हतं. त्यामुळे ती रोज त्यांच्याबरोबर पाळणाघरं हिंडायची.

"नियम काय आपला?" साहेबांनी विचारलं.

"आजोबांचं काम चाललं असताना बोलायचं नाही. फाटकाबाहेर आल्यावर बोलायचं."

"शहाणी!"

पहिला रकाना वाहनाचा होता. अंगणात मुलांना शाळेतून आणणारी गाडी भर उन्हात उभी होती. काचा वर, पडदे ओढलेले. समोर रस्ता फोडायचं यंत्र असं खडखडत होतं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. साहेबांनी गाडीचं दार ओढून पाहिलं आणि हात झटकला. पत्रा तव्यासारखा तापला होता.

"कुलूप आहे!" ते कौतुकाने ओरडले.

"रोज असतं, साहेब!" ड्रायव्हरही ओरडला. "पोरं उतरली रे उतरली की लावून टाकतो. नाहीतर खेळता खेळता शिरतात आत. मग कोण शोधत बसणार?"

"असे ड्रायव्हर मिळत नाहीत हो, बाई." साहेबांनी रकान्यात दहापैकी दहा लिहिले.

टिल्ली टाचा उंचावून, पडद्याच्या फटीशी नाक लावून उभी होती. तिने आजोबांचा सदरा ओढला. "आजोबा..."

"नियम काय आपला?"

टिल्लीने ओठ घट्ट मिटले.

आत फरशी अशी चकचकत होती की साहेबांना आपल्या नाकातले केस दिसले.

"मावशी सकाळपासून पुसताहेत," बाई म्हणाल्या. "एरवी त्या गाडीबरोबर जातात, मुलांना उतरवून घेतात. म्हटलं, आज राहू दे. आज साहेब येणार."

"माझ्यासाठी विशेष काही करू नये," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वच्छतेलाही दहा दिले.

मुलं रंगवायला बसली होती. प्रत्येकाच्या अंगावर पिवळा एप्रन. भिंतीवर आकडे घातलेल्या खुंट्या होत्या. टिल्लीने रंगांकडे असं पाहिलं की मावशींना राहवेना.

"बसू दे की हो तिला, साहेब. फ्रॉक नाही खराब व्हायचा. हा एक एप्रन उरलाच आहे." त्यांनी खुंटीवरचा शेवटचा एप्रन काढून टिल्लीला बांधलासुद्धा. "बघा, जणू हिच्याच मापाचा शिवलाय!"

साहेब दीड तास तपासत होते. औषधांची पेटी उघडली, नळ सोडून पाहिले, खिडक्यांचे गज हलवले. एका मुलाचं नाक गळत होतं, तर गळती किती जुनी आहे तेही विचारलं. मग खाणं आलं. बावीस बशा, बावीस केळी. टिल्लीलाही मिळालं.

"बघा, जादा काही करावं लागलं नाही," मावशी बाईंच्या कानाशी पुटपुटल्या. "बरोब्बर पुरलं."

"देवाची कृपा," बाई म्हणाल्या. साहेबांच्या हातातला कागद सोडून त्यांना काही दिसत नव्हतं.

शेवटी मोजणी.

"नावं पुकारू?" बाईंनी विचारलं.

"छे! नावं पुकारली की पोरं एकमेकांच्या वतीने ओ देतात. नाव फसवतं. डोकं फसवत नाही." शाळेच्या दारात ड्रायव्हरने भरलेली हजेरी त्यांनी उघडली. गाडीत चढलेली मुलं, बावीस. मग ते बोट रोखून पिवळ्या एप्रनांमधून फिरले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अठरा, एकोणीस, वीस. कोपऱ्यात दोन.

"बावीस!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. ड्रायव्हरने दारातूनच हात जोडले.

"बाई, खरं सांगतो," सही करताना साहेबांचा आवाज मऊ झाला. "हे पहिलं पाळणाघर, जिथे मी माझी नात ठेवीन. हवं तर उद्यापासूनच."

बाईंना रडू आवरेना.

साहेब नातीला घेऊन अंगणातून निघाले. ऊन अजून तसंच होतं. रस्त्यावरचं यंत्र मात्र बंद पडलं होतं, आणि गल्लीत कसला म्हणून आवाज नव्हता. फाटकाबाहेर आल्यावर त्यांना दिसलं, टिल्लीच्या अंगात एप्रन तसाच राहिलाय. गाठ सोडायला ते वाकले. छातीवर लाल दोऱ्याने आकडा शिवला होता. सतरा.

"कुणाचा गं हा?" ते हसत म्हणाले. "द्यायला हवा परत."

"आजोबा, आता बोलू?"

"आता बोल की."

"त्याचाच असेल. गाडीत आहे ना, त्याचा. आपण आलो तेव्हा तो आतून काच वाजवत होता," टिल्ली म्हणाली. "आत्ता मी पाहिलं, आता नाही वाजवत."