फुटलेला पेपर

शिन्चू शहरातल्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या इजेनने सकाळी शोधनिबंध परिषदेला पाठवला आणि उपाशीपोटीच ती पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक घ्यायला धावली.

"ताई, माझ्या फोटो ओळखणाऱ्या प्रोग्रामला शंभरात अठ्ठ्याण्णव!" बोहान खुशीत ओरडला.

"मिळणारच! ज्या फोटोंवर त्याला शिकवलंस, त्यांच्यावरच परीक्षा घेतलीस. पेपर फोडून पास झालाय तुझा गडी."

सगळे हसले. इजेनही हसली, पण मध्येच थबकली. तिच्या निबंधातले आकडेही असेच डोळे दिपवणारे होते.

तास संपताच तिने स्वतःचा प्रोग्राम उघडून पाहिला. तीच चूक! शिकवायचे फोटोच परीक्षेतही आले होते. तशीच ती मार्गदर्शक ल्याओ सरांकडे गेली.

"सर, निबंध मागे घ्यावा लागेल."

चूक ऐकून सर भडकले. "शिकवणं, लिहिणं, संशोधन, एकत्र झेपत नसेल तर घरी जा! परीक्षेचे फोटो निवडायचा तो भाग आणलास कुठून?"

"तुमच्या जुन्या प्रोग्राममधून, सर. लॅबमधले सगळे तोच वापरतात."

सरांनी उठून हळूच दार लावून घेतलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"