मावशीचं अर्धवट फूल

समुद्रातलं डायटम नावाचं शेवाळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते मेलं की उरतं काचेसारखं नक्षीदार कवच. मावशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या कवचांची फुलं मांडायची, आणि तीही स्वतःच्या पापणीच्या केसानं. एका कवचाला एक केस, असा तिचा नेम. म्हातारपणी पापण्या पार बोडक्या झाल्या, तर म्हणायची, "डोळे शाबूत आहेत ना, मग झालं!"

ती गेली तेव्हा शेवटच्या फुलात सात जागा रिकाम्या होत्या. भाचीनं ते काचेखाली बंद करून आपल्या प्रयोगशाळेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सहाच जागा रिकाम्या दिसल्या. मोजताना चुकलो असू, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी पाच. घाबरायचं सोडून ती बघतच राहिली. काय तो हात! कणभर इकडेतिकडे नाही.

आठवडा भरला आणि फूल पुरं झालं. तिनं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ओढतच आणलं. "बघ, आहे का माझ्या मावशीला तोड?"

मैत्रिणीनं भिंगातून मनसोक्त पाहिलं. मग मान वर करून ती भाचीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फूल अप्रतिमच आहे गं. पण तुझ्या डाव्या पापणीत ही फट कसली? सहा-सात केस गेलेत."